रेंज फुल, ४जी दिसतंय, तरी नेट ढिम्म : माझा अनुभव

"मॅडम, तुमच्या भागात नेटवर्क व्यवस्थित दिसतंय." कस्टमर केअरचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की प्रश्न सुटला तरी राग काही गेलेला नाही. म्हणून सगळं लिहून काढतेय.

तक्रार साधी होती. फोनवर ४जी, रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या, आणि एक एमबीचा फोटो पाठवायला अख्खं मिनिट. स्पीड टेस्ट लावली की आकडा यायचा ०.१२ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), म्हणजे जेमतेम १२० केबीपीएस (किलोबिट).

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. काड्या सांगतात सिग्नल किती जोरात पोचतोय ते. शेजारचं अक्षर सांगतं फोन कुठल्या तंत्राने जोडलाय ते. वेग यातलं कुणीच सांगत नाही. जी म्हणजे जीपीआरएस, ई म्हणजे एज, दोन्ही २जी. एजची कागदावरची धाव ३८४ केबीपीएसच्या आसपास. एच आणि एच प्लस ही ३जीची सुधारलेली रूपं. एच प्लस कागदावर ४२ एमबीपीएसपर्यंत जातं. एलटीई म्हणजे ४जी, साध्या हँडसेटवरही १०० ते १५० एमबीपीएसपर्यंत. प्रत्यक्षात यातला थोडाच भाग हाती येतो, कारण टॉवरची क्षमता त्या वेळी जोडलेल्या सगळ्या फोनांत वाटली जाते.

आता माझं घोडं कुठे अडलं ते. पहिला सल्ला, फोन बंद करून चालू करा. केला. मग एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) रीसेट करा. केलं. सिम काढून पुन्हा घाला. घातलं. मग नेटवर्क सेटिंग्ज रीसेट. (याने साठवलेले वायफायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, हे मला कुणी सांगितलं नाही. तुम्ही आधी लिहून ठेवा.) एवढं करून आकडा तोच. आणि दुसऱ्या दिवशी मेसेज : "आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे." कसलं निराकरण? कुणी काही तपासलंच नव्हतं! फोन लावला की नवा माणूस, आणि पुन्हा "फोन एकदा रिस्टार्ट करून बघता का?"

शेवटी मी स्वतःच पुरावे गोळा केले. फोनच्या 'अबाउट फोन'मध्ये सिम स्टेटस उघडलं की सिग्नलचा जोर डीबीएम या एककात दिसतो. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला : ४जीवर उणे ८० म्हणजे दणदणीत, उणे ११०च्या खाली रडकथा. माझा उणे ८४ होता. म्हणजे रेंजचा प्रश्न नाही. माझं सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं, वेग तेवढाच. दुसऱ्या कंपनीचं सिम माझ्या फोनमध्ये घातलं, ३० एमबीपीएस. म्हणजे फोनही ठीक.

आणि खरी खूण मिळाली ती वेळेची. गर्दी असेल तर आकडा दिवसभर नाचतो, संध्याकाळी पडतो, पहाटे उसळतो. माझा आकडा सकाळी, रात्री, पहाटे तीनला, सदा ०.१२. इतका स्थिर वेग आपोआप येत नाही, तो कुणीतरी बांधलेला असतो. रोजचा डेटा संपला की कंपन्या वेग ६४ किंवा १२८ केबीपीएसवर आणतात. माझा डेटा शिल्लक होता, तरी आधी कधीतरी लागलेली ती मर्यादा उठलीच नव्हती. ही मर्यादा कंपनीच्या यंत्रणेत असते, तुमच्या फोनमध्ये काहीही केलं तरी हलत नाही.

मग मी वरिष्ठांशीच बोलायचा हट्ट धरला आणि एकच वाक्य सांगितलं : "डेटा शिल्लक आहे, सिग्नल उणे ८४ आहे, दोन फोनवर वेग १२८ केबीपीएसवरच थांबतो, माझ्या नंबरवरची वेगमर्यादा तपासा." पलीकडे थोडा वेळ शांतता, मग "हो, जुनी मर्यादा राहिलेली दिसतेय." त्यांनी ती काढली, मी फ्लाइट मोड लावून काढला आणि टेस्टचा काटा थेट ३५वर! त्या क्षणी झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

आठवतंय तसं आणखी थोडं. बोलताना ४जी जाऊन एच किंवा ई येत असेल तर व्होल्टी (४जीवरूनच कॉल करायची सोय) बंद आहे, सेटिंगमध्ये चालू करा. फार जुनं सिम असेल तर ते बदला, २जीच्या काळातल्या सिमवर ४जी मिळतच नाही. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ४० एमबी नव्हे, ५ एमबी, कारण तिथे बिट मोजतात आणि फाइल बाइटमध्ये असते. ५जीचं चिन्ह दिसलं म्हणून हुरळू नका; बऱ्याच ठिकाणी ५जी हे ४जीच्याच आधारावर चालतं आणि डेटा ४जीवरून येत असतानाही चिन्ह ५जीचं राहू शकतं.

आणि तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला की नवी तक्रार नोंदवू नका. जुनाच तक्रार क्रमांक सांगून ती पुन्हा उघडायला लावा. नवी नोंदवली की गाडी परत "फोन रिस्टार्ट करा"पासून सुरू होते.