पैलवान पाठीवर पडेना

मागच्या आठवड्यात कोल्हापूरचा एक पैलवान सर्फिंग शिकायला आला होता आणि तो काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

मी अश्वेला शिकवते, उत्तर गोव्यात, मोरजी आणि मांद्र्याच्या मधे. ऑक्टोबर ते मे काम, पावसाळ्यात घरी वेंगुर्ल्याला. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर लाटांवर मजा करतो. खरं काम म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून ९ फुटी फोमचे बोर्ड फेसाळ लाटेत बरोबर वेळेला ढकलत राहायचं. नवशिक्याला लाट स्वतः पकडता येत नाही, आम्ही पकडून देतो, तो उभा राहतो, किनाऱ्यावरचा मित्र व्हिडिओ काढतो आणि दोघांनाही वाटतं की आलं सर्फिंग. २०२१ ला टोकियोत सर्फिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमधे आलं तेव्हापासून विचारणारे वाढले, आणि हॉटेलवाले पॅकेजमधे उभं राहण्याची गॅरंटी द्यायला लागल्यावर वाळूवरची तयारी सगळीकडे दहा मिनिटांवर आली. मला याचा खरंच राग येतो.

कारण शरीर वाळूवरच कळतं. जिमवाले येतात, दंड हे एवढे, पण पालथं झोपून छाती वर धरायला सांगितलं की कंबर धरते, हात डोक्यावर सरळ जात नाहीत, आणि पाण्यात गेल्यावर थोडं पॅडलिंग, म्हणजे बोर्डवर पालथं पडून हातांनी पाणी मारत पुढे जाणं, केलं की खांदे संपले. सर्फिंगमधे निम्मा वेळ पॅडलिंगच असतं, लाटेवर उभं असणं म्हणजे काही सेकंद. म्हणून कोणी आधी फोन केला तर मी सांगते, पोहा, भुजंगासन धरा, उकिडवं बसायची सवय ठेवा, बेंच प्रेस राहू द्या.

या पैलवानाला यातलं काहीच सांगावं लागलं नाही. लहानपणापासून सपाट्या मारलेला माणूस. पॉप-अपमधे, म्हणजे बोर्डवर झटक्यात उभं राहण्यात, काय असतं, पालथं झोपायचं, पायाची बोटं बोर्डच्या शेपटाकडे, तळवे खालच्या बरगड्यांशेजारी सपाट (बोर्डच्या कडा धरल्या की बोर्ड कलतो, आणि नव्वद टक्के लोक कडाच धरतात), छाती उचलायची, आणि पुढचा पाय एका दमात दोन्ही हातांच्या मधे आणायचा, गुडघा न टेकता, नजर समोर. त्याने एकदा बघितलं आणि केलं. पायाचा आवाजसुद्धा आला नाही. इतका स्वच्छ पॉप-अप मी पहिल्या दिवशी कोणाचाच बघितलेला नाही. पोहणंही पंचगंगेतलं, त्यामुळे पाण्याची भीती नाही. मी खूश.

मग पाण्यात गेलो आणि तो पडला.

पडायचं कसं हे मी आधीच शिकवलेलं असतं. बोर्डपासून लांब, शक्यतो पाठीवर, सपाट, पसरून, म्हणजे उथळ पाण्यात खाली जात नाही, आणि वर येताना दोन्ही हात डोक्याभोवती कारण लीशला, म्हणजे पायाच्या दोरीला, बांधलेला बोर्ड परत अंगावर येतो. हा हवेत वळायचा. तोल गेला की पाठ खाली जाण्याआधीच कंबरेतून गर्रकन फिरायचा आणि एक हात सरळ खाली टेकवायचा. गुडघाभर पाण्यात, खाली घट्ट वाळू. असा हात ताठ टेकला की मनगट जातं नाहीतर खांदा निखळतो. दुसऱ्यांदा तसाच पडला तेव्हा मी त्याला बाहेर काढलं.

"ताई, पाठ लागली की संपलं बघा," म्हणाला. "लहानपणापास्नं त्येच अंगात बसलंय. मी न्हाई वळत, आपोआप वळतंय."

बरोबरच आहे. चितपट होऊ नये म्हणून ज्याने अख्खं आयुष्य घाम गाळला त्याला मी सांगतेय की बिनधास्त अस्मान बघ. मग बोर्ड बाजूला ठेवला आणि राहिलेला वेळ आम्ही नुसते पडत होतो. आधी बसून, मग उभं राहून, मग मी खांद्याला हलका धक्का देऊन. सांगून धक्का दिला की छान पडायचा, हात वर, हनुवटी छातीला. न सांगता दिला की वळलाच. शेवटी परत बोर्डवर घेतलं, एक लाट त्याने थेट वाळूपर्यंत नेली, सगळा बीच टाळ्या वाजवत होता, आणि उतरताना परत वळून हात टेकला. सुदैवाने नुसतं खरचटलं.

आमचा सीनियर म्हणतो पडू दे ना कसाही, व्हिडिओ तर भारी आलाय. उत्तम सर्फर आहे तो, पण शिकवणं त्याला कधी कळलं नाही.

मला छळतोय तो पैलवानाने जाताना विचारलेला प्रश्न. "ताई, हे पाठीवर पडायचं अंगात बसलं, तर तिकडं हौद्यात काय करू?" जत्रांच्या कुस्त्या अजून चालू आहेत, इनाम मिळतं, घरात त्या पैशाची गरज आहे. मी म्हटलं पाणी वेगळं, माती वेगळी, शरीर दोन्ही लक्षात ठेवतं. सायकल येणाऱ्याला मोटारसायकल येतेच की, असंही काहीतरी बोलले. पण तोल गेल्यावर क्षणात जे होतं ते विचारून होत नाही, आणि तिथे दोन सवयी शेजारी शेजारी राहतात का हे मला खरंच माहीत नाही. माझ्या दीड तासाच्या क्लाससाठी त्याची कुस्ती ढिली पडली तर?

म्हणून घरी सराव करू नको असं सांगितलंय. तालमीत तर नाहीच, नदीतही नाही. जत्रा आटपल्या की मेच्या सुरवातीला परत येतो म्हणालाय. तेव्हा पॉप-अप करायचाच नाही, पूर्ण सकाळ कमरेएवढ्या पाण्यात फक्त पडायचं, आणि त्या दिवशी हॉटेलचं एकही बुकिंग मी घेणार नाही असं सीनियरला आत्ताच सांगून ठेवलंय.