दिवे लावले की डिझेल वाढायचं: मॅटाडोरच्या डॅशबोर्डचं काम

तर मंडळी, डॅशबोर्ड एकदाचा परत जागेवर बसला. मागे म्हटलं होतं की एका रविवारी मीटर बदलून मोकळा होतो, तो एक रविवार पाच रविवार चालला, त्यातले दोन पावसाने खाल्ले आणि एक लोकलच्या मेगाब्लॉकने.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात, गाडी 1986 ची बजाज टेम्पो मॅटाडोर, मोठ्या काकांनी मागे झोपायला फळ्या, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी असं सगळं बसवून घेतलेलं, आम्ही भावंडं त्यातनंच गणपतीला गावी जायचो. हिला विंटेज म्हटलं की कोणीतरी हटकतंच, बरोबर आहे, 2021 च्या नियमाप्रमाणे त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात. हिला अजून वेळ आहे. मला नाही.

रोग असा होता की हेडलाईट लावले की डिझेलचा काटा वर जायचा. पाव टाकी असेल तर अर्धी दाखवायचा, आणि टेम्परेचरचा काटाही त्याच्याबरोबर चढायचा. रात्रीच्या प्रवासात घाटात गाडी तापली म्हणून किती वेळा बाजूला घेऊन बॉनेट उघडून बसलोय, आणि इंजिन आपलं निवांत. मी काय निष्कर्ष काढला? मीटर गेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाऊन डिझेलचं एक नवं मीटर घेऊन आलो, दुकानदाराने विचारलंसुद्धा, "फ्लोट (डिझेलबरोबर वरखाली तरंगत मीटरला पातळी सांगणारा भाग) कुठला आहे?" आणि मी शहाण्यासारखा म्हणालो, "टाकीतला."

नवं मीटर लावलं तर टाकी भरलेली असताना काटा तळाला आणि रिकामी असताना फुल. उलटं! मग फ्लोट बाहेर काढून मल्टीमीटर लावला, खाली असताना 240 ओहमच्या आसपास, हाताने वर उचलला की 30 च्या आसपास. आणि मीटर निघालं 10 ते 180 वाल्या फ्लोटसाठीचं, त्यात ओहम वाढले की टाकी भरली असं धरतात. म्हणजे दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, फक्त भाषा वेगळी. दुकानदाराने परत घेतलं नाही, एकदा वायर लागली की माल तुमचा. कुणाला हवं असेल तर सांगा, डबा आहे.

मग खालच्या मजल्यावरचे अण्णा आले. बेस्टच्या डेपोत आयुष्यभर बसची वायरिंग केलेला माणूस. भांडुपच्या गाळ्यात स्टुलावर बसून पाच मिनिटं नुसतं बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, दोन काटे एकदम चढतात म्हणजे दोन मीटर एकदम बिघडले का? दोघांचं सामायिक काय आहे ते बघ ना आधी."

सामायिक होता मीटरमागचा छोटा डबीएवढा स्टॅबिलायझर. यात एक बायमेटलची, म्हणजे दोन धातू चिकटवलेली पट्टी असते, गरम झाली की वाकून करंट तोडते, गार झाली की जोडते, आणि अशी उघडझाप करत मीटरला सरासरी 10 व्होल्ट देते. पण ते 10 व्होल्ट तिच्या स्वतःच्या अर्थपासून (अर्थिंग, म्हणजे पत्र्यातून बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी परतीची वाट) मोजलेले. हा अर्थच कच्चा असेल तर हेडलाईटबरोबर लागणाऱ्या डॅशबोर्डच्या दिव्यांचा परतीचा करंट त्याच कच्च्या जोडातून जातो, तिथला व्होल्टेज वर उचलला जातो, आणि स्टॅबिलायझर आपले 10 त्याच्यावर रचतो. मल्टीमीटरची एक टोचणी मीटर बसवलेल्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. दिवे बंद, 0.3 व्होल्ट. दिवे चालू, 1.8. अण्णा हसले आणि म्हणाले, "दिवे लावलेत कुणीतरी." काकांनी गाडी रंगवून घेतली तेव्हा डॅशचा पत्राही रंगवला, स्क्रूखाली लांबी (पुट्टी) आणि त्यावर दोन हात रंग, त्यातनं अर्थ कुठनं मिळणार.

म्हणजे जुने मीटर ठणठणीत. तेच परत लावले.

पण एकदा डॅश उघडल्यावर आतलं बघून वायरिंग तसंच ठेवायची हिंमत झाली नाही. सगळ्या वायरी लाल. अर्ध्या जोडांवर फक्त टेप, टेपचा चिकटा वितळून हाताला लागतोय, उंदराने दोन ठिकाणी जेवण उरकलेलं, आणि तांबं आतपर्यंत हिरवं-काळं, आपल्या हवेचं मीठ वायरीच्या आत वीतभर चढतं. काढताना प्रत्येकीला मास्किंग टेपवर पेनाने लिहून ठेवलं होतं, जुलैच्या घामाने ते पुसलं गेलं. दुसऱ्यांदा आईच्या शिलाईच्या डब्यातले रंगीत दोरे बांधले, ते टिकले. आई अजून पोपटी रीळ मागतेय.

वायर आणि लग (वायरीच्या टोकाला बसवायचे धातूचे तुकडे) लोहार चाळीतनं, हीट श्रिंक (गरम केल्यावर जोडावर आवळून बसणारी नळी) आणि रिले लॅमिंग्टन रोडवरनं (शनिवारी जा, रविवारी बहुतेक शटर खाली). जोड सगळे क्रिंप केले, म्हणजे पकडीने दाबून बसवले, सोल्डर नाही, कारण सोल्डर वायरीत जिथपर्यंत चढतं तिथे ती कडक होते आणि डिझेल गाडीच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. अर्थसाठी वेगळी 4 स्क्वेअर एमएमची काळी वायर, थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. अँपिअर मीटर मात्र काढून टाकलं, कारण त्याच्यासाठी गाडीचा सगळा करंट डॅशमध्ये येऊन परत जायचा आणि त्या जाड वायरीचं प्लास्टिक भाजलेलं निघालं. त्या भोकात व्होल्टमीटर बसवलं, त्याला बारीक वायर आणि छोटा फ्यूज पुरतो.

आता माझी स्वतःची करामत. हौसेने डॅशचे सगळे बल्ब एलईडी केले, चार्जिंगच्या लाईटसकट. गाडी चालू केली, व्होल्टमीटर 12.2 वर ढिम्म. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला म्हणून मी रडायच्या बेतात, जरा जोरात रेस दिली तर टुणकन 14 वर. तर चार्जिंगचा तो लाल बल्ब नुसता निरोप्या नसतो, अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो, आणि एलईडीतून जातो अगदीच किरकोळ. जुना 3 वॉटचा तारेचा बल्ब परत लावला, सेल्फ मारल्या मारल्या चार्जिंग सुरू. एलईडीच हवा असेल तर त्याला समांतर 47 ओहम, 5 वॉटचा रेझिस्टर लावा, पण तो गरम होतो, प्लास्टिकला चिकटवू नका.

किलोमीटर मीटरची केबल अजून 40 च्या पुढे किरकिरते, आणि मागच्या पंख्याची, दिव्यांची दुसरी बॅटरी अजून जोडलेली नाही, ते पुढच्या वेळी.

संध्याकाळी गाळ्यातच हेडलाईट लावून बघितले. काटा हलला नाही. गेली कित्येक वर्षं रात्री आम्ही ज्याला अर्धी टाकी समजत होतो, ती पावच्याही खाली होती. अण्णा म्हणाले, "आता कॅन घेऊन पंपावर कोण जाणार?" मीच गेलो.