गवतात लपवलेले पाय

इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षेला बसलेल्या कुणालाही विचारा, स्मरणचित्रात माणसं कशी काढायची. पाठमोरी! चेहरा जमत नाही म्हणून पाठमोरी, हात जमत नाहीत म्हणून एकाच्या हातात पिशवी नि दुसरीच्या कडेवर पोर, आणि पाय तर अजिबातच जमत नाहीत म्हणून घोट्याच्या खाली गवत. मी भाजी मंडईच्या चित्रात पण गवत काढलं होतं. सरांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, "मंडई काय माळावर भरवलीस का रे?" सी ग्रेड मिळाली. तेव्हापासून आपण आणि चित्रकला, लांबून नमस्कार.

तर मागे एकदा सीएसएमटीला काम होतं, ते लवकर आटपलं, आणि समोरच जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या गेटवर वार्षिक प्रदर्शनाचा बोर्ड. कॉलेज १८५७ चं, जमशेटजी जिजीभॉयांनी दिलेल्या एक लाख रुपयांतून उभं राहिलेलं. मी इतकी वर्षं त्या रस्त्याने जातोय पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं, का कोण जाणे, वाटायचं कोणीतरी विचारेल तुमचं काय काम. कोणी विचारलं नाही. आत झाडं, सावली, आणि कडेला कोणाच्यातरी रंगाने बरबटलेल्या चपला.

मोठमोठी कॅनव्हास होती, मांडणशिल्पं होती, त्यातलं निम्मं मला झेपलं नाही हे सरळ सांगतो. पण एका टेबलावर एक स्केचबुक नुसतं उघडं ठेवलेलं आणि त्यात फक्त पाय. पानंच्या पानं पाय. स्लीपरातले, बुटातले, एक अंगठा दुसऱ्या पायावर घासणारा, पिशवी दोन टाचांमध्ये घट्ट धरून ठेवलेली. शेजारी एक मुलगा मोबाईलमध्ये बघत असल्याचं नाटक करत उभा होता (ज्याचं चित्र असतं तो असाच उभा असतो, हे आता मला कळलंय). म्हटलं, सगळे पायच का रे?

"लोकलमध्ये काढलेत काका. चेहरा काढायला घेतला की लोक भांडायला उठतात. पायांकडे कोणाचं लक्ष नसतं."

मी ज्याला घाबरून गवत उगवलं ते हा पोरगा रोज तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर टेकून काढतोय!

बाहेर पडलो तो क्रॉफर्ड मार्केटपाशी थांबलो. दारावर शेतकऱ्यांची उठावशिल्पं आहेत, लॉकवुड किपलिंगच्या डिझाइनची. हा माणूस १८६५ साली जे.जे.त शिकवायला आला आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा रुडयार्ड, तो 'जंगल बुक'वाला, तिथल्या आवारात जन्मला. म्हणजे मंडईचं चित्र, दगडात आणि गवताशिवाय. यांचे पाय कसे केलेत ते बघायला मान वर केली तर मागून पाटीवाला ओरडला, "ओ साहेब, बाजू!" राहिलंच.

मग घराजवळच्या एका कॉलेजात रविवारचा ड्रॉइंगचा कोर्स लावला. सहा रविवार, फी माफक. पहिल्या दिवशी अजिंठ्यावर स्लाइड शो होता, त्यातला अर्धा तास प्रोजेक्टरची केबल शोधण्यात गेला, पण नंतर मॅडम जे बोलल्या ते ऐकत राहावं असं. जॉन ग्रिफिथ्स हे जे.जे.चे प्राचार्य, १८७२ पासून पुढे बरीच वर्षं ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जायचे, लेण्यांच्या अंधारात बसून भिंतीवरच्या चित्रांच्या नकला करायच्या. त्यातल्या कितीतरी पुढे लंडनला आगीत जळून गेल्या. एवढी मेहनत! मग पहिल्या लेण्यातला पद्मपाणी, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पडद्यावर आला आणि मॅडमनी फक्त त्याचा हात मोठा करून दाखवला, कमळाचा देठ धरलेला. धरलाय म्हणजे काय, नुसता बोटांत अडकू दिलाय. मी घरी येऊन चहाचा चमचा तसा धरून बघितला, बायको म्हणाली, काय रे, बोट मुरगळलं का?

तिसऱ्या रविवारी मॉडेल म्हणून कॉलेजची बाग बघणारे मामा बसले. वीस मिनिटांची पोझ. मॅडमचं एकच पालुपद, बघून काढा, आठवून काढू नका. बाकीच्यांनी चेहऱ्याला हात घातला, मी मात्र हट्टाने पाय घेतला, नुसता उजवा. घाम फुटला. टाच तीनदा खोडली, कागदाला भोक पडायचं बाकी होतं, पण शेवटी काहीतरी पायासारखं दिसायला लागलं आणि मी मनातल्या मनात त्या सी ग्रेडला टाटा केला.

वेळ संपल्यावर मामा उठले, कंबर मोकळी केली, आणि फिरत फिरत माझ्या बोर्डापाशी आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नखं पाच काढली का तुम्ही?"

"हो मग?"

त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला. अंगठ्यावर नखच नव्हतं. "कुंडी पडली होती. दोन वर्षं झाली."

मी खोडरबर शोधायला लागलो.