हस्कीच्या पिल्लाचे खुबे तपासून घेताना

हस्कीचं पिल्लू मागचे दोन्ही पाय एकदम टाकत सशासारखं उडत निघालं की बहुतेक जण हसतात आणि मोबाइल काढतात. आम्हीही काढला. ते व्हिडिओ पुढे डॉक्टरांकडे फार कामाला आले.

भुरी तेव्हा सात-आठ महिन्यांची होती. लहान पिल्लं अशा उड्या मारतातच, त्यात वावगं काही नाही. मला खटकलं ते ती उड्या कुठे मारते ते. सपाटीवर तिची दुडकी चाल बघत राहावी अशी होती, पण चढ किंवा पायऱ्या आल्या की मागचे पाय जोडले जायचे. झोपेतून उठताना ती आधी पुढच्या पायांवर जोर देऊन अंग ओढायची आणि मग मागचा भाग उचलायची. पहिली काही पावलं ताठ पडायची, नंतर तिला स्वतःलाच त्याचा विसर पडायचा आणि घरभर धुमाकूळ सुरू व्हायचा. बसतानाही दोन्ही पाय नीट पोटाखाली न घेता एका कुशीवर कलून, डावा पाय बाहेर टाकून बसायची.

आईचं म्हणणं, "वाढतं अंग आहे, होईल नीट." कुत्री पाळणाऱ्या एका ओळखीच्या काकांनी तर विषयच मिटवून टाकला: हिप डिस्प्लेशिया, म्हणजे खुब्याचा सांधा सैल आणि उथळ राहणं, हा जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडॉरचा आजार, हस्कीला तो होत नाही. यात तथ्य अजिबात नाही असं नाही. कुत्र्यांच्या सांध्यांच्या नोंदी ठेवणारी ओएफए ही अमेरिकेतली संस्था १९६६ पासून काम करते आहे. तिच्याकडे आलेल्या सायबेरियन हस्कींच्या एक्स-रेंपैकी साधारण २ टक्क्यांतच हा दोष दिसतो, तर बुलडॉगमध्ये हेच प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे. पण हे एक्स-रे मालक आपणहून पाठवतात, आणि उघडउघड खराब दिसणारी फिल्म पाठवायला सगळेच उत्सुक असतील असं नाही. शिवाय २ टक्के म्हणजे शून्य नव्हे. प्रमाण कमी आहे, एवढ्याने भुरीच्या चालीचा खुलासा होत नव्हता.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो. ज्या पिल्लांना पुढे हा त्रास होतो त्यांचेही सांधे जन्मतः बहुधा ठीकच असतात. नंतरच्या आठवड्यांत सांध्याभोवतालचं आवरण आणि आतला बंध सैल पडतो, पाऊल टाकताना माथा खोबणीतून किंचित बाहेर सरकतो, पुन्हा आत येतो. खोबणीला आकार येतो तो आत बसलेल्या माथ्यामुळे. माथाच जागेवर राहत नसेल तर खोबण उथळ राहते, कड झिजते आणि पुढे संधिवात येतो. मूळ अनुवंशिक असलं तरी त्यामागे एक नव्हे, अनेक जनुकं असतात, आणि वाढीच्या काळातलं वजन, खाणं, हालचाल यांचाही त्यात वाटा असतो.

हस्कीच्या बाबतीत डोळ्यांवर फार विसंबता येत नाही, हे मला हळूहळू कळत गेलं. एक तर तिची दुहेरी लोकर. मांडीचा स्नायू रोडावला तरी वरून पुठ्ठा भरलेलाच दिसतो. भुरीला आंघोळ घातली आणि लोकर अंगाला चिकटली तेव्हा पहिल्यांदा दिसलं की खांदे रुंद आणि मागचा भाग त्या मानाने बारीक आहे, म्हणजे भार पुढच्या पायांवर जातोय. त्यानंतर मी मांडी हातानेच चाचपायला लागले, दोन्ही हात दोन बाजूंना एकाच वेळी लावून. डावी मांडी मऊ लागायची.

दुसरी अडचण चालीची. हस्की हळू चालताना पाय समांतर टाकते, पण वेग वाढला की पावलं आत वळत जातात आणि शेवटी शरीराच्या मध्यरेषेवर एका ओळीत पडतात. या जातीत ते निरोगी चालीचंच लक्षण आहे. खुबा दुखणारं कुत्रंही मागचे पाय जवळजवळ टाकतं. त्यामुळे नुसतं "मागचे पाय जवळ पडतात" एवढ्यावरून काही ठरत नाही. फरक मला सापडला तो उभं असताना. भुरी थांबली तरी तिचे मागचे पाय जवळच असायचे, आणि चालताना मागून पाहिलं तर कंबर डावी-उजवीकडे झोकांड्या घ्यायची.

तिसरं म्हणजे स्वभाव. नखं कापायची म्हटली तर हस्की सगळी गल्ली गोळा करते, पण खरं दुखतं तेव्हा गप्प असते. भुरी एकदाही कळवळली नाही. लंगडलीही क्वचितच. कुत्रं ओरडत नाही म्हणून दुखत नाही, असं मला पुढे बऱ्याच जणांनी ऐकवलं.

मग मी नीट चित्रीकरण सुरू केलं. पट्टा सैल धरून, न घसरणाऱ्या कडक जमिनीवर, एकदा मागून, एकदा बाजूने, आधी हळू आणि मग दुडकी. फोन तिच्या कमरेच्या उंचीवर. उठतानाचे व्हिडिओ वेगळे काढले, कारण दवाखान्यात पाऊल टाकताच अंगात असं वारं शिरतं की डॉक्टरांना ठणठणीत कुत्रंच दिसतं. कधी ताठ होती, आदल्या दिवशी किती खेळली होती, याची त्रोटक टिपणंही ठेवली. त्यातून एक धागा दिसला: दमवणूक झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ताठरपणा यायचाच.

पहिल्या दवाखान्यात एक्स-रे झाला, पण भूल न देता, दोघांनी धरून. भुरी अर्थातच वळवळली. फिल्म पाहून सांगितलं गेलं की डावा खुबा फार खराब आहे, ऑपरेशनची तयारी ठेवा. मी फिल्म मागून घेतली आणि हाडांच्या तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवली. त्यांनी आधी खुब्याकडे पाहिलंच नाही. कमरेच्या हाडात खाली दोन भोकं दिसतात, ती दोन्ही बाजूंना सारखी हवीत. इथे एक मोठं आणि एक लहान होतं. म्हणजे कंबर तिरकी. तिरक्या कमरेत एका बाजूची खोबण उथळ आणि दुसरीकडची खोल दिसतेच. मांडीची हाडं समांतर नव्हती, गुडघ्याच्या वाट्या मधोमध नव्हत्या. "या फिल्मवरून मी काही बोलणार नाही," एवढंच ते म्हणाले. मला तिथेच विश्वास बसला.

त्यांनी तिला आधी बाहेर चालवून पाहिलं, व्हिडिओ पाहिले, आणि मग पंजाच्या बोटांपासून वर तपासत गेले. खुबा शेवटी. गुडघ्याची वाटी सरकते का, गुडघ्यातला बंध शाबूत आहे का, कंबरेच्या मणक्यावर दाबलं तर काय होतं, लांब हाडं दाबली तर दुखतं का. हा शेवटचा मुद्दा मला नवा होता. वाढीच्या वयात हाडांना आतून येणारी एक सूज असते, पॅनोस्टायटिस. लंगडणं आज या पायात तर पुढच्या आठवड्यात त्या पायात जातं, आणि बहुतेकदा आपोआप बरं होतं. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही सांधे दुखतात, म्हणून रक्तही घेतलं. हे सगळं बाजूला सारल्यावर पाय मागे ताणला, तेव्हा भुरीने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिलं. तेवढीच तिची तक्रार.

पुढची तपासणी गाढ गुंगीत झाली. जागेपणी स्नायू आवळलेले असतात आणि सैल सांधाही घट्ट भासतो, म्हणून ती गुंगीतच करायची. गुडघा धरून मांडीचं हाड वर ढकलायचं, माथा खोबणीबाहेर सरकतो. मग पाय हळूहळू बाहेर फाकवायचा, तसा तो 'खट्' करून आत जाऊन बसतो. ही ऑर्टोलानी चाचणी. मरीनो ऑर्टोलानी हे इटालियन बालरोगतज्ज्ञ, आणि ही चाचणी मुळात तान्ह्या बाळांसाठी आहे. डॉक्टरांनी माझा हात तिच्या खुब्यावर ठेवला आणि तो खटका मला बोटांना जाणवला. डावीकडे स्पष्ट, उजवीकडे पुसट.

त्याच गुंगीत एक्स-रे काढले. एक पाय सरळ ताणून, नेहमीचा. दुसरा पेनहिप पद्धतीचा, ज्यात मांड्यांमध्ये साधन ठेवून माथे बाहेरच्या बाजूला ढकलतात आणि किती सरकतात ते मोजतात. ही पद्धत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झाली, ती १६ आठवड्यांच्या पिल्लापासून करता येते, आणि तिचा आकडा शून्याजवळ असेल तर सांधा घट्ट, एकाजवळ गेला तर फार सैल. ०.३० च्या आत असेल तर पुढे संधिवात होण्याची शक्यता फारच कमी. भुरीचा आकडा उजवीकडे ०.४४ आणि डावीकडे ०.५६ आला. संधिवाताची खूण अजून नव्हती. म्हणजे पहिल्या ठिकाणी सांगितलं तेवढं वाईट नव्हतं, आणि काका म्हणाले तेवढं बरंही नव्हतं.

आता काय करायचं, हा सगळ्यात अवघड भाग होता. अगदी कोवळ्या पिल्लात, साधारण २० आठवड्यांच्या आत, कमरेच्या हाडाची पुढची वाढपट्टी बंद करून खोबणीचा कल सुधारता येतो. ते वय उलटून गेलं होतं. दुसरा पर्याय कमरेचं हाड दोन ठिकाणी कापून खोबण माथ्यावर फिरवून बसवण्याचा. तो संधिवात सुरू होण्याआधी आणि वाढीच्या वयातच करायचा असतो, म्हणजे आमच्याकडे वेळ होता पण मोजकाच. तिसरा पर्याय आत्ता न कापता वजन आणि स्नायू सांभाळायचे, आणि पुढे खरंच गरज पडली तर कृत्रिम खुबा बसवायचा किंवा माथा काढून टाकायचा. डॉक्टरांनी बाजू घेतली नाही. भुरी अठरा किलोची, सडपातळ, लक्षणं सौम्य. याच फिल्म चाळीस किलोच्या कुत्र्याच्या असत्या तर आपण हाड कापण्याबद्दल जास्त आग्रहाने बोललो असतो, असं मात्र म्हणाले. आम्ही न कापण्याचा निर्णय घेतला. तो जुगार होता आणि तसा समजूनच घेतला.

वजनाचं महत्त्व मला एका जुन्या अभ्यासामुळे पटलं. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या २४ जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं आयुष्यभर दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष आणि संधिवात कमी आढळला, आणि ती सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगली. हस्की ही मुळात बेताने खाणारी जात म्हणतात. भुरीने हे ऐकलेलं नाही. वाटीने भरून खाणं बंद झालं, वजनकाटा आला, आणि बरगड्या हाताला सहज लागल्या पाहिजेत हा नियम झाला. कोणीतरी प्रेमाने आणून दिलेली कॅल्शियमची बाटली परत गेली. वाढत्या पिल्लाला संतुलित आहारावर वरून कॅल्शियम दिलं तर हाडांची वाढ बिघडू शकते.

चेंडू फेकणं, गाडीतून उड्या, मागच्या पायांवर उभं राहणं बंद. त्याऐवजी पट्ट्यावर चढाला सावकाश चालणं आणि पोहणं. पहिल्यांदा पाण्यात उतरवताना तिने जो काही आरडाओरडा केला तो दूरवर गेला असणार. घरातल्या गुळगुळीत फरशीवर सतरंज्या पडल्या. हस्कीच्या तळव्यांत बोटांमधून केस वाढतात आणि त्यावरून ती फरशीवर घसरते, ते नियमित कापायला लागलो. ओझं किंवा गाडी ओढायला लावणं वाढ पूर्ण होईपर्यंत नाही. जास्त ताठ दिवसांसाठी कुत्र्यांचंच वेदनाशामक डॉक्टरांनी लिहून दिलं. माणसांचं आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना घातक असतं, ते घरात असलं तरी हात लावायचा नाही. नसबंदीही हाडांची वाढ पुरी झाल्यावरच करायची ठरली.

वर्ष उलटल्यावर काही महिन्यांत पायऱ्यांवर पाय आलटून पालटून पडायला लागले. घरी सगळे खूश. हे होणार असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं: सैल सांध्याभोवतीचं आवरण या वयात जाड होतं, सांधा घट्ट वाटायला लागतो, दुखणं उतरतं. खोबण मात्र आहे तशीच राहते. दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच्या एक्स-रेत, पुन्हा गुंगीत काढलेल्या, डावीकडे मांडीच्या हाडाच्या मानेवर एक बारीक रेघ दिसली. संधिवाताची सुरुवात. मांड्या मात्र आता दोन्हीकडे सारख्या भरल्या आहेत.

दोन्ही वेळच्या फिल्म ब्रीडरला पाठवल्या. भुरीच्या आईवडिलांचे खुबे तपासलेले होते आणि निकालही चांगला होता, त्यामुळे तिला आधी पटेना. पण दोष अनेक जनुकांतून येतो, आणि निरोगी दिसणाऱ्या जोडीच्या पोटीही असं पिल्लू निघू शकतं. त्याच वेतातल्या इतर पिल्लांच्या मालकांना तिने आता एक्स-रे काढायला सांगितलं आहे, आणि ते येईपर्यंत ही जोडी पुन्हा लावणार नाही असं कळवलं आहे.