काकांचा डावा पाय

गाड्या विकायला लागलो तेव्हा आजी-आजोबा शोरूमला यायचे ते डायरेक्ट डिलिव्हरीच्या दिवशी. गाडी मुलाची, लोन मुलाचं, आजी बॉनेटवर स्वस्तिक काढणार, आजोबा नारळ फोडणार, फोटो, पेढा, झालं. आता कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर या पट्ट्यातल्या एन्क्वायऱ्या बघितल्या तर सगळं उलटं झालंय. फोन येतो न्यू जर्सीहून नाहीतर म्युनिकहून, आपण जेवायला बसलेलो असताना, "आईबाबांसाठी गाडी बघतोय", आणि प्रत्यक्ष गाडी बघायला येतात ते सत्तरीतले दोघं. पैसे एकाचे, सही दुसऱ्याची आणि मागे बसायचं तिसरीला. आमच्या अ‍ॅपमध्ये मात्र कस्टमरला एकच रकाना, एकच मोबाईल नंबर, ओटीपी पण त्यावरच. ज्याने कोणी हे बनवलंय त्याने स्वतःच्या आईला गाडी घेऊन दिलेली नसणार.

ही केस मागच्या दिवाळीनंतरची. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 वर आला (चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंत), त्यामुळे वर्षानुवर्षं "आहे ती चालतेय की" म्हणणारे बरेच लोक एकदम बाहेर पडले. त्यातलेच हे काका-काकू. काका 76 वर्षांचे, पिंपरीच्या एका कारखान्यात गिअरबॉक्स असेंब्लीत आयुष्य काढलेलं. गाडी 2009 ची मॅन्युअल हॅचबॅक, पंधरा वर्षं झाल्यावर पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून घेतलेली, रीडिंग 41 हजार, आजपर्यंत एक क्लेम नाही. मी इन्शुरन्सचा कागद काढायच्या आत काकाच म्हणाले, "एनसीबी 50 टक्के आहे माझा, आणि तो ओन डॅमेजवरच मिळतो, थर्ड पार्टीवर नाही, तेव्हा कोटेशन नीट कर." (एनसीबी म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा.) आमच्या टीममधल्या अर्ध्या पोरांना हे सांगता येणार नाही.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सुचवलेलं, काका टाळत होते. म्हणून मुलाने ठरवलं की ऑटोमॅटिकच घ्यायची, आणि "जरा उंच, एसयूव्ही टाइप, सेफ". मुलगा व्हिडिओ कॉलवर, फोन काकूंच्या हातात, आणि त्या फोन धरून माझ्यामागे गाडीभोवती फिरतायत, अर्धा वेळ मुलाला शोरूमचं सीलिंग दिसत असणार.

आता हे उंच-बुटकंचं प्रकरण जरा सांगतो, कारण यावर आमच्या ट्रेनिंगमध्ये एक स्लाइड नसते, सनरूफवर मात्र अर्धा दिवस जातो. म्हाताऱ्या माणसाला गाडी उंच नको असते आणि बुटकी पण नको असते. सेडानमध्ये माणूस खाली पडतो आणि मग वर येत नाही. एसयूव्हीत पाय उचलून चढावं लागतं आणि गुडघा नेमका तिथेच नाही म्हणतो. पाहिजे काय, तर उभं राहिल्यावर सीट मांडीच्या मागे बरोबर टेकली पाहिजे, म्हणजे नुसतं मागे बसायचं आणि पाय आत फिरवायचे. उभट छोट्या गाड्या, वॅगन आर वगैरे, ज्येष्ठांमध्ये इतकी वर्षं का खपतात त्याचं उत्तर मायलेज नाही, हे आहे. मग दार किती उघडतं, उंबरा किती रुंद आहे, आणि धरायला काय आहे. बऱ्याच गाड्यांमध्ये बाकी तिन्ही दारांवर छताला दांडा असतो आणि ड्रायव्हरच्या बाजूलाच नसतो! मग काका लोक उठताना दाराचा आधार घेतात, दार हलतं, आणि माझा जीव वर-खाली होतो. एसीला गोल नॉब असेल तर काकू खूश, स्क्रीनमध्ये घुसून एसी कमी करायचा असेल तर ती गाडी मनातून उतरली म्हणून समजा.

तर मी मुलाला सांगितलं, एसयूव्ही राहू द्या, आधी आईंना बसवून बघू. काकू एसयूव्हीच्या मागच्या सीटवर चढल्या, म्हणजे चढायचा प्रयत्न केला, साडी सावरत एक पाय वर आणि मग हसायलाच लागल्या, "अरे, याला स्टूल पण देता का सोबत?" तो विषय तिथेच संपला. उभटवाली छोटी गाडी, एएमटी (ऑटोमॅटिकचाच स्वस्तातला प्रकार), काकू आरामात बसल्या, उतरल्या, परत बसल्या. मुलाने सहा एअरबॅग्ज आहेत का विचारलं, आता छोट्या गाडीतही येतात म्हटल्यावर तोही गप्प झाला. मला वाटलं बुकिंग आलंच.

मग टेस्ट ड्राइव्ह. लायसन्सची कॉपी घेतली, व्हॅलिड होतं. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं, चाळिशीनंतर फॉर्म 1ए वर डॉक्टरची सही लागते, ती आणली की काम होतं. गाडी चालवून दाखवा असं वेळेत गेलेल्याला कोणीही म्हणत नाही. म्हणजे 76 वर्षांच्या माणसाचं ड्रायव्हिंग शेजारी बसून बघणारा सरकारी माणूस कोणी नाही, तो मान मी, टार्गेटवर जगणारा सेल्समन.

एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटर करतो. आपल्याकडे 2014 मध्ये सेलेरिओपासून हे सुरू झालं आणि ऑटोमॅटिक सामान्य माणसाच्या बजेटमध्ये आली. हे मी काकांना सांगायला गेलो तर काकांनीच मला अ‍ॅक्चुएटर (क्लच-गिअर हलवणारा भाग) कुठे बसतो ते कागदावर काढून दाखवलं. मी फक्त एक सांगितलं, जे प्रत्येक मॅन्युअलवाल्याला सांगतो, "काका, डावा पाय आत ओढून ठेवा, त्याला काही काम नाही."

कर्वे पुतळ्यापर्यंत मस्त गेलो. काका लेन सोडत नव्हते, आरशात बघत होते, माझ्यापेक्षा चांगली चालवत होते खरं तर. डहाणूकरच्या वळणाला समोर रिक्षा आडवी आली. पन्नास वर्षांची सवय, दोन्ही पाय एकदम खाली. डाव्या पायाने क्लच समजून जे दाबलं ते ब्रेक होतं, आणि क्लच दाबतात त्या ताकदीने, तळापर्यंत. गाडी जागेवर खिळली. मागे पीएमटी बसचा हॉर्न, काकूंच्या हातातला फोन पुढच्या सीटखाली, आणि सीटखालून मुलाचा आवाज, "काय झालं? हॅलो? काय झालं?" काकू म्हणाल्या, "काही नाही रे, रिक्षा आली." हे नवीन लोकांना होतंच, तरुणांनाही होतं, त्याने मी घाबरलो नाही.

घाबरलो ते शोरूमच्या पार्किंगमध्ये. एएमटीत ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप हळूहळू सरकते. पिलरसमोर लावताना काकांना ती अजून थोडी पुढे घ्यायची होती, मग थांबवायची होती, आणि डावा पाय क्लच शोधत चाचपडतोय हे मला दिसलं, त्या गडबडीत उजवा पाय पडला अ‍ॅक्सिलरेटरवर. गाडीने उडी मारली. मी हँडब्रेक खेचला. पिलर आणि बंपरमध्ये वीतभर जागा राहिली असेल. काकांनी इंजिन बंद केलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोपर्यंत फोन सीटखालून निघालेला, मुलगा विचारतोय, "बाबा, कशी वाटली?" काका म्हणाले, "छान आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

मी मुलाला एवढंच म्हटलं की घाई नको, अजून एक-दोन राउंड घेऊ, सवय व्हायला वेळ लागतो. आमच्या टीम लीडरला हे अजिबात पटलं नाही, त्याचं म्हणणं, "गाडी यार्डात उभी आहे, पेमेंट यायला तयार आहे, तू ड्रायव्हिंग स्कूल काढलंयस का?" एएमटी यार्डात उभी होती आणि बरेच दिवस होती, हे खरं कारण.

पेमेंट आलंच. मुलाने बुकिंग केलं, रंगही त्यानेच निवडला, नाव काकांचं. लोनचा प्रश्न नव्हता, या वयाला कर्जाची मुदत बसवणं अवघड असतं, त्यामुळे हा कस्टमर कॅशच असतो आणि मॅनेजर लोकांना तो का आवडतो ते वेगळं सांगायला नको. मधल्या दिवसात काका सकाळी सातला एकटेच यायचे, मी डेमो कार काढायचो, रिकाम्या रस्त्यावर त्यांना चालवायला द्यायचो. सरळ रस्त्यावर उत्तम. रिव्हर्स आणि पार्किंग म्हटलं की डावा पाय बाहेर.

आणि एक दिवस काकांनी सांगितलं, मॅन्युअल द्या. याच मॉडेलची, याच रंगाची. मी म्हटलं काका, गुडघा? "गुडघा दुखला की मला कळतं. पाय चुकला ते मला कळलं नव्हतं, तुझ्या हँडब्रेकमुळे कळलं. क्लच असला की काही झालं तरी तो दाबला जातो आणि गाडी इंजिनपासून सुटते. बाकी मी बघतो."

टेक्निकली बरोबर होतं. क्लच दाबला की इंजिनचा संबंध तुटतो, मग अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला तरी गाडी पुढे झेपावत नाही. पण दुखरा गुडघा घेऊन पौड फाट्याच्या संध्याकाळी किती वेळा क्लच दाबणार, हेही मला दिसत होतं. आणि ज्याचे पैसे त्याने ऑटोमॅटिकसाठी दिलेत. बुकिंग काकांच्या नावावर, सही काकांची, मी बदलून दिलं. मॅन्युअल दुसऱ्या ब्रँचमधून मागवावी लागली, टीम लीडर माझ्याशी दोन आठवडे सरळ बोलला नाही. मुलाला कळलं ते इन्व्हॉइसच्या पीडीएफवरून. रात्री दोनला मेसेज, "तुम्ही माझ्या वडिलांना जुना स्टॉक गळ्यात मारला." मी पार्किंगमधलं लिहायला घेतलं, पुसलं, परत लिहिलं, शेवटी पाठवलं, "बाबांशी एकदा बोलाल का." ते मी सांगायचं की काकांनी, हे मला आजही ठरवता येत नाही. सांगितलं असतं तर मुलाने गाडीच रद्द केली असती, किल्ली काढून घेतली असती, आणि कदाचित तेच बरोबर असेल. काकू मात्र त्या पार्किंगमध्ये मागच्या सीटवरच होत्या, त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि त्यांनीही घरी फोनवर सांगितलं नव्हतं.

काकूंनी काय केलं, तर रजिस्ट्रेशनचा फॉर्म भरताना मला थांबवलं. 2021 पासून आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं, बँकेच्या खात्यासारखं, म्हणजे मालक गेल्यावर गाडी नावावर करायला वारसांच्या कागदांची पळापळ कमी. तो रकाना आमच्याकडे बहुतेक वेळा रिकामाच जातो, कोण विचारणार नव्या गाडीच्या आनंदात. काकूंनी आठवणीने विचारलं आणि स्वतःचं नाव लिहायला लावलं. मग म्हणाल्या, "आता एखादा चांगला ड्रायव्हर असेल तर नंबर दे, यांना नको सांगू मी मागितला म्हणून."

कंपनीचा फीडबॅक कॉल काकांना गेला. दहापैकी सात. मी हसत विचारलं तर म्हणाले, "सात म्हणजे डिस्टिंक्शनच्या जवळ आहे, दहा मी कुणालाच देत नाही." त्या सातने माझा इन्सेंटिव्ह कापला गेला, आठच्या खाली सगळं फेल धरतात.

पहिल्या फ्री सर्व्हिसला गाडी ड्रायव्हर घेऊन आला, मी नंबर दिलेला तोच. म्हणाला, सकाळची भाजी आणि बँक काका स्वतः करतात, हॉस्पिटल आणि चिंचवडच्या बहिणीकडे मी. आणि मग माझ्यावरच चिडला, "साहेब, तुम्ही शोरूमला असून ऑटोमॅटिक का नाही दिली त्यांना? ट्रॅफिकमध्ये माझा पाय जातो राव."