गाईला प्रोबायोटिक देण्याआधी पाकिटावरची शून्यं मोजा

दुभत्या संकरित गाईच्या कोटीपोटात, म्हणजे रुमेनमध्ये, शंभर लिटरच्या आसपास माल असतो. त्यातल्या एका मिलिलिटर रसात दहा ते शंभर अब्ज जिवाणू. आणि चांगल्या प्रोबायोटिकचा, म्हणजे पचनासाठी खाऊ घालायच्या जिवंत सूक्ष्मजीवांचा, एका गाईचा दिवसाचा डोस असतो दहा ते वीस अब्ज जिवंत पेशी. म्हणजे आपण पैसे मोजून रोज जे टाकतो, ते तिच्या पोटातल्या चमचाभर रसातल्या जिवाणूंइतकंही भरत नाही. "चांगले जिवाणू वाढवा, वाईट आपोआप हटतील" हे विक्रेत्याचं वाक्य मोठ्या गाईच्या बाबतीत इथेच लंगडं पडतं. संख्येच्या जोरावर तिथे कुणी कुणाला हटवत नाही.

तरीही उपयोग होतो, पण वेगळ्या वाटेने. मोठ्या जनावरांसाठी सर्वांत जास्त वापरलं जाणारं प्रोबायोटिक खरं तर जिवाणू नाहीच, ते यीस्ट आहे: सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. चारा, पाणी आणि लाळेबरोबर कोटीपोटात थोडा ऑक्सिजन जातो. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना तो सोसत नाही. जिवंत यीस्ट तो ऑक्सिजन पटकन वापरून टाकतं. शिवाय लॅक्टिक आम्ल खाणाऱ्या जिवाणूंना, उदाहरणार्थ मेगास्फेरा एल्सडेनीला, यीस्टमुळे वाढीसाठी लागणारे घटक मिळतात. मका भरडा जास्त झाला की स्टार्चवर स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस हा जिवाणू झपाट्याने वाढतो आणि लॅक्टिक आम्ल साचतं. हे आम्ल कोटीपोटातल्या नेहमीच्या आम्लांपेक्षा सुमारे दहापट तीव्र, म्हणून पीएच (आम्लतेचं माप, जितकं कमी तितकं आम्ल जास्त) 5.8 च्या खाली घसरायला वेळ लागत नाही.

यीस्ट तिथे कायमचं राहत नाही. कोटीपोटाचं 39 अंश तापमान त्याला मानवत नाही, चाऱ्याबरोबर ते पुढे वाहून जातं. त्यामुळे ते रोज द्यावं लागतं. "आठवड्यातून दोनदा द्या" असं कुणी सांगितलं तर तो सल्ला बाजूला ठेवा.

बाहेरून सोडलेला जिवाणू पोटात खरोखर स्थायिक झाल्याचं गाजलेलं उदाहरण सुबाभळीचं आहे. ऑस्ट्रेलियात सुबाभूळ खाणाऱ्या गुरांचे केस गळायचे, गळ्याची ग्रंथी सुजायची. हवाईमधल्या शेळ्यांना मात्र काही होत नसे. 1980 च्या दशकात शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांनी तिथल्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांना दिले आणि विषबाधा थांबली. त्या जिवाणूला 1992 मध्ये सिनर्जिस्टेस जोन्सी हे नाव मिळालं. तो टिकला कारण सुबाभळीतल्या मिमोसिनपासून बनणारं विषारी द्रव्य त्या गुरांच्या पोटात दुसरं कुणी खातच नव्हतं. ती जागा रिकामी होती. पाकिटातल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूला मोठ्या गाईच्या पोटात अशी रिकामी जागा सापडत नाही.

आता पाकीट हातात घ्या. तीन गोष्टी शोधा: प्रजाती आणि स्ट्रेनचा (त्या प्रजातीतल्या नेमक्या वाणाचा) क्रमांक, प्रति ग्रॅम जिवंत पेशी म्हणजे सीएफयू, आणि उत्पादनाची तारीख. मग गुणाकार करा. पाकिटावर "प्रति ग्रॅम 1 अब्ज" असेल आणि डोस 10 ग्रॅम, तर 10 अब्ज झाले, ठीक. पण "प्रति किलो 5 अब्ज" आणि डोस 20 ग्रॅम असेल, तर गाईला मिळतात फक्त 10 कोटी, म्हणजे गरजेच्या शंभराव्या भागाइतके. नऊ शून्यं दोन्हीकडे ठळक छापलेली असतात. ग्रॅम की किलो हे मात्र बारीक अक्षरात. पंधरा-वीस जिवाणूंची यादी देऊन प्रत्येकाची संख्या न देणारं पाकीट तर परत ठेवलेलंच बरं.

आणखी एक गल्लत नेहमी होते. "यीस्ट कल्चर" हे जिवंत यीस्ट नव्हे. त्यात प्रामुख्याने आंबवणीतून तयार झालेली द्रव्यं असतात, तिथे सीएफयू मोजण्यात अर्थ नाही. दारू कारखान्यातलं वाळवलेलं यीस्ट हा प्रथिनांचा स्रोत, तेही वेगळंच. आणि मुरघासाचं कल्चर मुरघासासाठी: प्रति ग्रॅम हिरव्या चाऱ्याला किमान एक लाख जिवाणू, म्हणजे टनाला शंभर अब्ज. ते क्लोरीनच्या नळाच्या पाण्यात कालवलं तर फवारण्याआधीच त्यातले बरेचसे मरतात. उरलेलं गाईच्या गव्हाणीत टाकून प्रोबायोटिक दिल्याचं समाधान मानू नये.

वासराचं गणित निराळं. दूध पिताना त्याच्या अन्ननलिकेपुढची पन्हळ मिटते आणि दूध कोटीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. आतडं नवं असतं, तिथली वस्ती अजून बसायची असते. म्हणून लॅक्टोबॅसिलस, एन्टेरोकोकस हे खरे उपयोगाचे पहिल्या तीन-चार आठवड्यांत. रोज 1 ते 10 अब्ज, 38-39 अंशांच्या दुधात, पाजायच्या अगदी आधी मिसळून. उकळत्या दुधात टाकलं तर मेलेले जिवाणू पाजता. पण त्याआधी चीक: पहिल्या दोन-चार तासांत वजनाच्या दहा टक्के, 30 किलोच्या वासराला तीन लिटर. चीक चुकलेल्या वासराला कोणतंही पाकीट वाचवत नाही. हगवण लागली की आधी क्षार-साखरेचं पाणी आणि पशुवैद्यक. तोंडावाटे प्रतिजैविक सुरू असेल तर जिवाणूंचा डोस वाया जातो, तो कोर्स संपल्यावर सुरू करा. यीस्टला जिवाणूंवरच्या प्रतिजैविकाने काही होत नाही.

बहुतेक पैसे वाया जातात ते साठवणुकीत आणि मिसळण्यात. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मे महिन्यांत पाकिटातलं यीस्ट मरतं. मुदत दोन वर्षांची छापलेली असली तरी ती थंड, कोरड्या जागेसाठी असते. महिनाभर पुरेल इतकंच घ्या, घरात सावलीला, घट्ट डब्यात ठेवा. खनिज मिश्रणात आधीच कालवून ठेवू नका, ओल धरणाऱ्या क्षारांमुळे पेशी मरतात. गोळी पेंड तयार होताना 70-80 अंशांपर्यंत तापते, त्यात टिकतात ते बॅसिलस जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्याची सुप्त रूपं. साधं यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस फारसे नाहीत. गरम आंबवणात टाकायचं असेल तर हाताला कोमट लागेपर्यंत थांबा.

20 गाईंना प्रत्येकी 10 ग्रॅम म्हणजे 200 ग्रॅम पावडर. ती आधी 2 किलो गव्हाच्या कोंड्यात, मग ते सगळं 20 किलो भरड्यात, आणि शेवटी पूर्ण खुराकात. एकदम ढिगावर भुरभुरली की एका गाईला तिप्पट आणि दुसरीला काहीच नाही.

यीस्ट जिवंत आहे का, हे घरी कळतं. 38 अंशांच्या 100 मिलिलिटर पाण्यात चमचाभर साखर आणि 10 ग्रॅम पावडर ढवळून ठेवा. अर्ध्या-पाऊण तासात फेस यायला हवा. संख्या यातून कळत नाही, जिवाणूंच्या पाकिटाला ही चाचणी लागूही पडत नाही, पण पूर्ण मेलेला माल पकडला जातो.

फायदा किती? 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात यीस्टमुळे दूध गाईच्या वजनाच्या दर किलोमागे रोज सरासरी 1.2 ग्रॅम वाढलेलं दिसलं. 450 किलोच्या गाईला हे अर्धा लिटर. मग हिशेब सोपा आहे: दिवसाचा डोस अर्ध्या लिटर दुधाच्या भावापेक्षा महाग असेल तर देऊ नका. व्यायल्यानंतरचे पहिले शंभर दिवस, खुराक भरपूर, उन्हाळ्याचा ताण, अशा गाईंत फरक दिसण्याची शक्यता जास्त. कडब्यावर पाच लिटर देणाऱ्या गाईला तोच पैसा हिरव्या चाऱ्यात आणि खनिज मिश्रणात घाला.

गोठ्यावर तपासायचं तर सारख्या वेताच्या, सारख्या दिवसांच्या दोन गटांत गाई वाटा. एका गटाला चार आठवडे द्या, पहिले दोन मोजू नका, मग गट बदला. दूध आणि फॅट गटवार लिहा, आणि त्या काळात चारा बदलू नका. निवांत बसलेल्या दहा गाईंपैकी निम्म्याहून कमी रवंथ करत असतील किंवा एका घासाला चाळीसहून कमी चावे पडत असतील, तर दोष कुट्टी फार बारीक असण्यात किंवा खुराक एकाच वेळी घालण्यात आहे. खुराकाचे तीन-चार भाग करा, 100 ते 150 ग्रॅम खायचा सोडा द्या. यीस्ट त्यानंतर.

लग्नातला उरलेला भात किंवा धान्याचं पोतं फस्त केलेल्या गाईला प्रोबायोटिक पाजत बसू नका, तातडीने पशुवैद्यक बोलवा. आम्लता आटोक्यात आल्यावर ते निरोगी गाईचा रुमेनरस देण्याचा निर्णय घेऊ शकतात: किमान तीन लिटर, जमल्यास आठ ते सोळा, फडक्यातून गाळून, थर्मासमध्ये कोमट ठेवून, शक्य तितक्या लवकर, नळीने. बाटलीने मान वर धरून ओतला तर फुप्फुसात जातो. रस देणारी गाय जंत आणि संसर्गजन्य आजारांपासून मुक्त आहे, हे आधी बघून घ्यावं लागतं.