पाच व्होल्टच्या जागी साडेनऊ: घरी बनवलेल्या ॲम्प्लिफायरचा अनुभव

मे महिन्यातली संध्याकाळ होती. वळीव आला, कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत वारं सुटलं, कुठंतरी फांदी मोडून तारांवर पडली आणि घरातले दिवे एकदम लखलखले. समोरच्या घरातल्या ट्यूब मात्र मिणमिणायला लागल्या. "डबल फेज आली, मेन पाडा!" अशी ओरड झाली. खरं तर न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची सामायिक तार, तुटला होता. न्यूट्रल गेला की तीन फेजवरची घरं फेज-फेजमधले चारशे व्होल्ट आपापल्या लोडप्रमाणे वाटून घेतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथं व्होल्टेज चढतं. त्या दिवशी आमच्या फेजवर लोड कमी होता.

मी मेन स्विचपाशी पोहोचेपर्यंत ॲम्प्लिफायरमधून फट् करून आवाज आला. शेजारच्या काकूंचा सेट-टॉप बॉक्स गेला, आमचे दोन चार्जर गेले. ॲम्प्लिफायर उघडला तर आत काजळी, फ्यूजची काच काळी आणि व्हॅरिस्टरचे, म्हणजे व्होल्टेजचा झटका गिळणाऱ्या एमओव्हीचे, दोन तुकडे. बाकी सगळं शाबूत. दोन एलएम३८८६ ॲम्प्लिफायर चिप, टोरॉइड ट्रान्सफॉर्मर, मोठे कपॅसिटर, सगळं वाचलं. फ्यूज आणि एमओव्ही बदलला आणि रात्री जेवणानंतर पुन्हा गाणं लागलं.

हा ॲम्प्लिफायर मी बाबांसाठी बनवला होता. जयपूर घराण्याचे अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळे कोल्हापुरात जयपूर गायकीचे वेडे पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. बाबा त्यातलेच. देवल क्लबातली मैफल चुकली तर आठवडाभर त्यांची चिडचिड चालते. केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं फोनवरून नीट ऐकता यावीत म्हणून आत ब्लूटूथ आणि डॅकचा, म्हणजे डिजिटल आवाजाचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारा, एक छोटा बोर्ड बसवला होता. तो पाच व्होल्टवर चालायचा.

वळवाच्या त्या प्रसंगानंतर मी जरा हवेतच होतो. येईल त्याला सांगायचो, एमओव्ही टाकलाय म्हणून वाचलं. हे अर्धंच खरं होतं. माझा एमओव्ही ४७१ नंबरचा, म्हणजे सतत ३०० व्होल्ट एसी सोसणारा. तो वीज पडल्यावर येणाऱ्या क्षणभराच्या झटक्यासाठी असतो. न्यूट्रल तुटल्यावर व्होल्टेज क्षणभर नाही, मिनिटं न् मिनिटं चढलेलं राहतं. तेवढा वेळ तो तापत राहतो आणि शेवटी शॉर्ट होतो. त्याच्या आधी २ अँपिअरचा फ्यूज होता म्हणून तो शॉर्ट होताच फ्यूज उडाला. सुरुवातीला हाताशी होता म्हणून ५ अँपिअरचा टाकला होता. तोच राहिला असता तर बहुतेक आपल्याकडं म्हणतात तसं जाळ अन् धूर संगटच बघायला मिळाला असता. नंतर घराच्या मेनला हाय-लो व्होल्टेज कटऑफ बसवला. २७० च्या वर गेलं की रिले सुटतो. झालं, आता काही भीती नाही असं वाटलं.

ऑगस्टात एका संध्याकाळी बाबा ऐकत बसले होते. बाहेर पाऊस नव्हता, वीज गेली-आली नव्हती, कटऑफचा आकडा २३४ दाखवत होता. गाणं चालू असताना एकदम खर्र झालं आणि बंद. मागोमाग वास. बोर्डावरचे ६.३ व्होल्टचे कपॅसिटर फुगले होते. पाच व्होल्टच्या तारांना मीटर लावला तर ९.६.

मी दोन दिवस मेनकडंच संशयानं बघत होतो. शेवटी आमच्या ओळखीच्या एका काकांकडे सप्लायचा बोर्ड घेऊन गेलो. हयात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करण्यात गेली, आता डोळ्यांना कमी दिसतं, पण बोटांना दिसतं. त्यांनी बोर्ड हातात धरला, प्रीसेटवर, म्हणजे फिरवून ओहम ठरवायच्या बारक्या रेझिस्टरवर, नखानं टिचकी मारली आणि म्हणाले, "लेका, चोर घरातच हाय की. तू दाराला कुलपं घालत बसलायस."

पाच व्होल्ट काढून देणारा रेग्युलेटर म्हणजे एलएम३१७. त्याचं आउटपुट दोन रेझिस्टरवर ठरतं. एक वरचा, माझ्याकडं २४० ओहम, आणि एक खालचा, त्या जागी मी १ केचा, म्हणजे हजार ओहमचा, प्रीसेट लावला होता. १.२५ गुणिले एक अधिक खालचा भागिले वरचा, असं साधं गणित. पण प्रीसेटचे मी दोनच पाय जोडले होते, तिसरा मोकळा. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतींना ओल येते, तिथं स्वस्त प्रीसेटच्या सरकत्या पट्टीची काय कथा! पट्टीचा संपर्क सुटला, खालचा रेझिस्टर जणू अनंत मोठा झाला आणि रेग्युलेटरनं येईल तेवढं व्होल्टेज पुढं सोडलं. नऊ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणाऱ्या ब्रिजनंतर साडेअकरा-बारा, त्यातून दीड-दोन वजा. तिसरा पाय पट्टीलाच जोडला असता तरी संपर्क सुटल्यावर पुरे १ के राहिले असते आणि आउटपुट साडेसहाच्या आसपास थांबलं असतं. दोन इंच तारेचा हिशोब.

प्रीसेट काढला, ६८० आणि ३९ ओहम एकामागं एक लावले, ५.०३ व्होल्ट आलं. काका म्हणाले, एवढ्यावर थांबू नकोस, रेग्युलेटरच आतून शॉर्ट झाला तर काय करशील? म्हणून क्रोबार.

क्रोबार म्हणजे पहार. व्होल्टेज ठरलेल्या आकड्यावर गेलं की एससीआर, म्हणजे गेटला करंट मिळाला की चालू होणारा स्विच, सप्लाय सरळ शॉर्ट करतो, फ्यूज उडतो, पुढचं वाचतं. कल्पना रांगडी आहे, मला आवडली. पहिला प्रयत्न ५.६ व्होल्टचा झेनर, म्हणजे ठरल्या व्होल्टेजला करंट सोडणारा डायोड, आणि बीटी१५१ एससीआर. टेबलावर हळूहळू व्होल्टेज वाढवत नेलं तर हा गडी ६.७ ला जागा झाला. इतक्या कमी व्होल्टचे झेनर ठरल्या आकड्यावर खटकन चालू होत नाहीत, हळूहळू गळायला लागतात. त्यात एससीआरच्या गेटला लागणारे मिलिअँपिअर. ज्या बोर्डावर ६.३ चे कपॅसिटर, त्याला ६.७ ची राखण काय कामाची?

झेनर काढून टीएल४३१ लावला, ही नेमक्या व्होल्टेजला चालू होणारी चिप. त्याचा संदर्भ २.४९५ व्होल्टचा, पक्का. २ के आणि १.५ के अशा दोन रेझिस्टरच्या विभाजकानं आकडा ५.८२ वर बसला. टीएल४३१ चालू झाला की बीसी५५७ ट्रान्झिस्टरला ओढतो आणि तो एससीआरच्या गेटला १०० ओहममधून करंट देतो. बीसी५५७ च्या बेस आणि एमिटरमध्ये १ के लागतो. नाहीतर टीएल४३१ आकड्याच्या जवळ येतानाच थोडा करंट घेतो आणि सगळं वेळेआधीच उडतं. माझं उडालं. एकदा तर स्वयंपाकघरात फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला म्हणून उडालं. मग विभाजकातल्या खालच्या रेझिस्टरला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर लावला आणि आउटपुटला १००० मायक्रोफॅरड घातला, म्हणजे व्होल्टेज चढायलाच वेळ लागेल.

आणि इथं मी खरा फसलो. एससीआर आउटपुटवर, त्याच्या आधी १ अँपिअरचा फ्यूज. आता चाचणी म्हणून एलएम३१७ च्या खालच्या रेझिस्टरची तार सोडवली. एससीआर चालू झाला, आउटपुट शून्याजवळ गेलं, पण फ्यूज तसाच! एलएम३१७ धडधाकट होता, त्यानं स्वतःचा करंट दोन-सव्वादोन अँपिअरवर अडवून धरला. १ अँपिअरचा फ्यूज त्याच्या दुप्पट करंटला बराच वेळ दाद देत नाही. हीटसिंकला हात लावला आणि चटका बसला.

उद्यमनगरात माझा एक मित्र आहे, त्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनचे कंट्रोल पॅनेल असतात. त्यानं चहा पिता पिता बिलाच्या पाठीवर काढून दिलं. व्होल्टेज बघायचं आउटपुटवर, पण पहार मारायची रेग्युलेटरच्या आधी. मोठा फिल्टर कपॅसिटर, मग फ्यूज, मग एससीआर, मग रेग्युलेटर. म्हणजे ४७०० मायक्रोफॅरडमध्ये साठलेलं सगळं फ्यूजमधून एकदम धावतं आणि फ्यूजला विचार करायला वेळच उरत नाही. बीटी१५१ तसा १०० अँपिअरचा क्षणिक धक्का सोसतो, त्याला काही होत नाही. आउटपुटवरचा कपॅसिटर रिकामा व्हायला १एन४००७ डायोड उलटा, आउटपुटकडून इनपुटकडं. "नाद खुळा भावा," म्हणालो आणि चहाचे पैसे मी दिले.

घरी येऊन तसं केलं. डॅकऐवजी १० ओहमचा मोठा रेझिस्टर जोडला, तार सोडवली. टिच. बस, एवढाच आवाज. दुसऱ्यांदा रेग्युलेटरची इनपुट-आउटपुट तारेनं जोडून बघितली, पुन्हा टिच. तिसऱ्यांदा बाबांना दाखवायला. ते म्हणाले, "म्हणजे बिघडलं की बंद पडणार, एवढंच ना? मग एवढे दिवस काय करत होतास?"

मोठ्या रेलना, म्हणजे एलएम३८८६ च्या अधिक-उणे ३४ व्होल्टच्या सप्लायला, क्रोबार लावला नाही. एलएम३८८६ एकूण ८४ पर्यंत सोसतो, मेन २७० ला गेलं तरी ते दोन्ही मिळून ऐंशीच्या आसपासच राहतात, आणि त्यापुढं कटऑफ आहे.

नवा डॅक बोर्ड पुण्याहून, बुधवार पेठेतून मागवला. झाकणाच्या आतल्या बाजूला १ अँपिअरचे सुटे फास्ट फ्यूज टेपनं चिकटवलेत आणि शेजारी पेन्सिलीनं ५.८२ लिहून ठेवलंय. दहाचं पाकीट आणलं होतं. सात उरलेत, आणि जे तीन गेले ते तिन्ही मीच उडवलेत.